तीन गाठींची आडवाट

४ तारीख, मंगळवार

"सदर कामगार नेमलेला रस्ता सोडून आडवाटेने गेली, याची मला कल्पना नव्हती."

हे तू लिहिलंस. कामावरून काढल्याची नोटीस आली, तिला मागून हा कागद टाचलेला होता. खाली सही तुझी. सही नसती तरी मी ओळखलं असतं. तुझा 'क' लहानपणापासून पोट सुटलेला आहे. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, वाचायला वेळ लागतो. तीनदा वाचलं. मला वाटलं माझंच चुकतंय. मग तुझ्या आत्याला वाचायला दिलं. तिनं एकदाच वाचलं आणि कागद घडी करून उशीखाली ठेवला, जसं काही कुणी पाळण्याचं आमंत्रण धाडलंय.

आशीर्वाद. रीत म्हणून लिहिते, त्यात जीव शोधत बसू नकोस.

फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. कागद वाजत नाही, त्यामुळे तो बंद करता येत नाही.

तुला कल्पना नव्हती ना? मग देते कल्पना. ऐक.

तुझी आत्या, म्हणजे माझी लेक, म्हणजे तुझ्या बापाची धाकटी बहीण, धुलाईघरात चोवीस वर्षं गाडी ढकलते. त्याआधी तीच गाडी मी ढकलली. धुतलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे. धुलाईघरातून निघायचं आणि साडेसहाच्या आत मोठ्या दवाखान्याच्या मागच्या फाटकात पोचायचं, कारण सातला डॉक्टर फिरतात आणि त्यांना खाटा पांढऱ्या लागतात. कागदावर नेमलेला रस्ता आहे तो पुलावरून जाणारा मोठा रस्ता. तो नेमला तेव्हा धुलाईघराला टेम्पो होता. टेम्पो गंजून गेला, त्यात आता कुत्री वितात. हातगाड्या परत आल्या, पण कागद कुणी बदलला नाही. दोनशे ओल्यासुक्या चादरींची गाडी पुलाच्या चढावर ढकलून दाखव, मी तुझ्या पाया पडते.

म्हणून आम्ही आडवाटेनं जातो. छापखान्याच्या मागून, झाकलेल्या नाल्याच्या कडेनं, शाळेच्या मागच्या भिंतीला धरून, बर्फाच्या कारखान्याच्या मागच्या फाटकासमोरून थेट दवाखान्यात. पंचवीस मिनिटं. हॉर्न नाही, सिग्नल नाही, कुणी "ए बाई, बाजूला हो" म्हणणारं नाही. चाकाचा आवाज तेवढा येतो.

ही वाट तुला कुणी दाखवली, मुकादमसाहेब? तू मुकादम झालास त्या आठवड्यात तीन सकाळी मी माझे दुखरे गुडघे घेऊन तुझ्यापुढे चालले. तू मागे वही घेऊन. "आजी, हळू," म्हणालास. "आजी, हा कोपरा परत सांग." तेव्हा कल्पना येत होती, आता गेली? कुठे गेली? वरच्या ऑफिसात खुर्ची मिळाली, तिच्याखाली सांडली का?

आत्याचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडलाय. बर्फाच्या कारखान्याच्या फाटकातून ट्रक उलटा मागे येत होता, त्याची धडक बसली. पाय बरा होईल. नोकरीचं प्लास्टर कुठे मिळतं ते मात्र मला माहीत नाही.

तिच्या नोकरीची सुनावणी चोवीस तारखेला आहे. तोवर हा कागद मागे घे. नवीन लिही. तुझं अक्षर सुंदर आहे, वापर त्याला.

आजी

११ तारीख, मंगळवार

तू उत्तर तर दिलं नाहीस, वर कुबड्या पाठवल्यास. नवीन कोऱ्या, रबराच्या बुडाच्या. चिठ्ठी नाही. टेम्पोवाल्यानं दारात उभ्या केल्या आणि म्हणाला, "सही करा." मी म्हटलं, "या घरात सध्या सह्यांवर विश्वास नाही."

आत्या त्यांना हात लावत नाही. भिंतीला धरून मोरीपर्यंत जाते. मी त्या दोन कुबड्यांवर दोरी बांधून ओले टॉवेल वाळत घातलेत. बऱ्या टिकतात.

तुझ्या बापाला तू फोन केलास म्हणे. त्यानं मला येऊन सांगितलं, दाराच्या बाहेर उभं राहून, चप्पल न काढता, म्हणजे पळायला सोपं. "आई, तो म्हणतोय तुला कायद्यातलं कळत नाही. त्यानं खरं लिहिलं असतं तर त्याच्यावर आलं असतं. मुकादमानं नेमलेला रस्ता मोडायला लावला, असं झालं असतं."

मी विचारलं, "मग तसंच झालं होतं ना?"

तो म्हणाला, "झालं होतं. पण लिहायचं कशाला?"

हा माझ्या पोटचा. त्याला काय बोलणार? मी म्हटलं, "चप्पल घातलेलीच आहे, नीघ."

तुला एक सांगू का? तू ट्रकवाल्याचं नाव लिहिलं नाहीस, दवाखान्याची घाई लिहिली नाहीस, तेवढ्यानं मी इतकी पेटले नसते. तू घाबरट आहेस हे मला ठाऊक आहे. पाल दिसली की खुर्चीवर चढणारा तू. पण तू 'आडवाट' हा शब्द लिहिलास. तो शब्द तुला मी दिला. ऑफिसातल्या लोकांना तो ऐकूनच वाटतं, बाई कुठेतरी भरकटली, कुणाला तरी भेटायला गेली, नाहीतर कामचुकारपणा. तुला माहीत होतं त्यांना असंच वाटणार. म्हणून तर बरोबर तोच वेचून घातलास. याला केसानं गळा कापणं म्हणतात. वरून केस आमचाच.

तुला तीन सकाळी जे शिकवलं ते परत लिहिते. गल्लीला दारं असतात, दारात बायका बसतात, पोरं खेळतात. बोळात समोरून माणूस आलं की दोघांनी पोट आत घ्यायचं. मागची वाट कचऱ्याला. आणि आडवाट म्हणजे मोठा रस्ता जिथे पोचतो तिथेच पोचणारी, पण गाजावाजा न करणारी. ती कुठे संपत नाही, कुठे चुकवत नाही. ओझं असलेल्या माणसासाठी असते ती. मोकळ्या हाताचं माणूस मोठ्या रस्त्यानं मिरवत जातं, जाऊ दे. आमच्यात "आज आडवाटेनं ये" म्हणजे आज ओझं जास्त आहे, संभाळून ये. काळजीचा शब्द आहे तो, आणि तू त्याचा आरोप केलास.

आणखी एक राहिलं. तुझ्या मुकादमकीची जागा निघाली तेव्हा बायकांनी आत्याचं नाव दिलं होतं. तिनंच मॅनेजरला जाऊन सांगितलं, "माझा भाचा शिकलेला आहे, त्याला घ्या, वाट आम्ही दाखवू." तुला हे माहीत नसेल. आता झालं.

परवा चौकशीचा माणूस घरी आला होता. चहा घेतला, दोन प्रश्न विचारले, गेला. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

आजी

१६ तारीख, रविवार

लिहिण्यासारखं आहे.

मागच्या पत्रात झाकलं. पाच दिवस झोपेत तोच माणूस येतोय, तेव्हा म्हटलं लिहून टाकावं. तुला खोटं बोलू नको म्हणायचं आणि आपण झाकायचं, हे जमत नाही.

तो चौकशीचा माणूस तरणाच होता, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. घरात गाडीवाल्या तीन बायका बसल्या होत्या आत्याला बघायला. तो तुझा कागद घेऊन आला होता. मला म्हणाला, "आजी, तुम्ही जुन्या कामगार. यात आडवाट लिहिलंय. आडवाट म्हणजे नक्की काय?"

बायका माझ्याकडे बघत होत्या. तुझ्यावरचा राग घशात होता. आणि माझी जीभ तर तुला माहीतच आहे, तिला लगाम लावायला विसरून देवानं पाठवलीय. मी म्हणाले, "आडवाट म्हणजे जिथे मुकादमाचं तोंड दिसत नाही ती!"

बायका खो खो हसल्या. एक जण हसता हसता आत्याच्या प्लास्टरवर पडली. मी आणखी चढले. "तिथे गाडी टेकवायची, दोन घटका बसायचं, मुकादमाला शिव्या घालायच्या आणि मग निघायचं!"

त्यानं ते लिहिलं. शब्द न् शब्द. मला वाचून दाखवलं, "बरोबर आहे?" मी म्हटलं, "अगदी बरोबर." सही मागितली. मी अंगठा देत नाही, सही करते, मोठी, रेघेच्या बाहेर जाणारी. केली.

तो गेल्यावर आत्या म्हणाली, "आई, काय केलंस ग?" ओरडली नाही. तिनं ओरडायला हवं होतं.

म्हणजे आता दोन कागद झाले. एक तुझा, ती वाट सोडून गेली. एक माझा, ती तिथे बसायला गेली. नातवानं ढकललं आणि आजीनं वरून दगड घातला. फरक एवढाच की मी मूर्खपणानं घातला आणि तू विचार करून. कुठलं जास्त वाईट ते तूच ठरव, तू शिकलेला आहेस.

शुक्रवारी मी चौकशीच्या ऑफिसात गेले. दोन तास बाकावर बसले. म्हटलं, माझं बोलणं बदलायचंय, ती थट्टा होती. खिडकीतली बाई म्हणाली, "आजी, नोंद झाली. आता जे काय ते सुनावणीत." मी म्हटलं, "मला बोलू द्याल का सुनावणीत?" ती म्हणाली, "तुम्ही आता कामगार नाही आणि मुलीच्या नात्यातल्या. तुमच्या बोलण्याला कोण विचारतं? मुकादम बोलले तर गोष्ट वेगळी."

मुकादम म्हणजे तू. आतापर्यंत मी तुझ्यावर ओरडत होते कारण तुझं चुकलं. आता ओरडतेय कारण माझंही चुकलंय आणि ते निस्तरायला तुझ्याशिवाय कुणी नाही. हे लिहिताना माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्यात, पण लिहिलं.

गाडीवाल्या बायकांना विचारलं. त्या म्हणतात, "आम्ही येऊ, पण आमचीही नोकरी आहे ना, काकू." खरं आहे. त्यांना दोष देत नाही.

आजी

१९ तारीख, बुधवार

आज मी आडवाटेनं गेले. सात वर्षांनी.

गुडघे वाटेतच म्हणत होते, म्हातारे, परत फीर. नाही फिरले. छापखान्यामागे आता एक खांब घातलाय, बाकी सगळं तसंच आहे. आपल्या किनारी अजून आहेत.

किनारींची तुला आठवण करून द्यायला नको, पण तुझी आठवण हल्ली धुवून वाळत घातलेली असते, म्हणून लिहिते. चादर फाटली, डाग निघेना, की ती बाद होते. बाद चादरीची किनार फाडून आम्ही वळणावर खिळ्याला, गजाला बांधतो. एक गाठ म्हणजे उतार आहे, गाडी आवर. दोन गाठी म्हणजे गाडी फिरव, पुढे होऊन ओढ. तीन गाठी म्हणजे थांब, हाक मार, मग जा. नवीन बाई आली तर तिला काही सांगावं लागत नाही. हात लावला की कळतं, पहाटे धुकं असलं तरी.

बर्फाच्या कारखान्याच्या फाटकाशी माझ्या काळात किनार नव्हती, कारण तेव्हा ते फाटक बंद असायचं. आज तिथे गजाला एक दिसली. तीन गाठींची. जवळ जाऊन हात लावला. गाठी उलट्या. डावखुऱ्याच्या.

आपल्यात डावखुरा एकच आहे.

पण गाठ काय, कुणी म्हणेल म्हातारीचा भ्रम. म्हणून मी ती उलगडली. आत पक्क्या शाईचा शिक्का. 'बाद'. त्याखाली मुकादमाचा नंबर सात. त्याखाली महिना. पाच महिन्यांपूर्वीचा. सात नंबर तुझा. बाद चादरी तुझ्या कुलपात असतात, शिक्का मारल्याशिवाय आणि तू दिल्याशिवाय कुणी चिंधी बाहेर नेऊ शकत नाही.

म्हणजे बायकांनी तुला सांगितलं होतं की ट्रक मागे येतो. तू ऐकलंस. तू स्वतः त्या वाटेनं गेलास, स्वतःच्या हातानं चादर फाडलीस आणि तीन गाठी मारल्यास. चांगलं काम केलंस रे. मला फाटकाशी उभं राहून क्षणभर बरं वाटलं, की हा शिकला, यानं तीन सकाळी फुकट नाही घालवल्या. आणि मग ते वाक्य आठवलं. मला कल्पना नव्हती.

मी किनार सोडवून पदरात बांधली. तिच्या जागी माझ्या जुन्या लुगड्याची दुसरी बांधली, तीन गाठी मारून. बायका रोज जातात तिथून.

घरी येऊन आत्यासमोर टाकली. तिनं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. तिला माहीत होतं! तिनंच सांगितलं मग. त्या दिवशी तिनं किनारीला हात लावला, थांबली, हाक मारली. आतून कुणीतरी "या, या" म्हणालं. ते ट्रकवाल्याला म्हणालं होतं. ती निघाली.

"मग हे तू चौकशीवाल्याला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"किनारीचं सांगितलं असतं तर ते जाऊन बघून आले असते."

"मग बरंच झालं असतं."

"त्यावर त्याचा शिक्का आहे, आई. खोटा कागद दिला म्हणून त्याला घरी बसवतील. नवीन लग्न, नवीन घर."

"आणि तुला बसवलंय ते?"

"मी तशीही बसलेलीच आहे," ती म्हणाली आणि पाय दाखवून हसली. "ती किनार चुलीत घाल."

"गॅस आहे," मी म्हटलं. "चिंध्या जाळायला नाही."

ही तुझी आत्या. तू तिला कागदावर बाद केलंस, शिक्का मारलास, आणि ती तुझा शिक्का लपवत बसलीय. माझ्या हातून असली माणसं कशी जन्मली, एक भाऊ, एक बहीण, देव जाणे.

किनार माझ्याकडे आहे. कुठे ते लिहीत नाही. तुझा बाप आज संध्याकाळी चप्पल काढून घरात आला, फार गोड बोलत होता.

आजी

२१ तारीख, शुक्रवार

हे शेवटचं. शाई संपत आलीय आणि मीही.

आत्याशी भांडण झालं आणि मिटलं. तिचं म्हणणं, किनार दाखवायची नाही. माझं म्हणणं, दाखवायची. शेवटी ती म्हणाली, "आधी त्याला बोलू दे. त्यानं आपणहून सांगितलं तर ओरडतील, बदली करतील, पण घरी नाही बसवणार. तू चिंधी टाकलीस तर तो खोटारडा ठरेल." ती माझ्यापेक्षा शहाणी आहे, हे मी तिच्या तोंडावर सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

म्हणून असं ठरलंय. सोमवारी अकरा वाजता सुनावणी. टॉवेल काढले, दोरी सोडली. आत्या तुझ्याच कुबड्यांवर येणार आहे. डाव्या कुबडीला मी ती किनार बांधलीय. पुन्हा तीन गाठी मारल्यात, शिक्का आतल्या बाजूला. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, म्हातारीनं हात घासू नये म्हणून चिंधी गुंडाळलीय. तुला तसं वाटणार नाही.

तीन गाठींचा अर्थ तुला येतो. थांब, हाक मार, मग जा. मी तीन आठवडे थांबले. ही पत्रं म्हणजे हाक होती. पाच वेळा मारली, आणि माझ्या आयुष्यात कुणाला दोनदाच्या वर हाक मारलेली नाही, तुझ्या आजोबांनासुद्धा. आता गाडी निघणार. आतून कुणी "या" म्हणो न म्हणो.

साहेब पुन्हा तोच प्रश्न विचारतील, आडवाट म्हणजे काय. तुझ्या कागदावर आहे, माझ्या कागदावर आहे, त्यांना विचारावंच लागेल. मी एकदा तोंड उघडून घाण केली, मी दाताखाली जीभ धरून बसणार आहे. आत्या तुला वाचवायला काहीतरी गुळमुळीत बोलेल, तिला बोलू देऊ नकोस. तुझ्या बापाला तर खोलीतच घेऊ नका. गाठ सोडायची वेळ माझ्यावर आणू नकोस, माझी बोटं अजून चालतात.

उत्तर तू दे. उभा राहून दे, कागद न बघता. साहेबांकडे नाही, कुबड्यांवर उभी असेल तिच्याकडे बघून दे.

आजी